एसबीआयआरचा अर्ज: नोंदणीपासून फेज-३ पर्यंत

अमेरिकी संरक्षण खात्याकडून छोट्या कंपनीला एसबीआयआर (स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च) योजनेतून संशोधनासाठी मिळणारा पैसा फेडायचा नसतो आणि त्याच्या बदल्यात कंपनीतला हिस्साही द्यावा लागत नाही. त्यामुळे तो फुकटचा आहे असा समज पसरला आहे. पहिल्या अर्जाला दीडशे-दोनशे तास सहज जातात, आणि त्या तासांचे पैसे कुणी देत नाही. विमानाचे भाग, एव्हिऑनिक्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्पोझिट अशा कामांसाठी एसबीआयआरच्या वाटेला जायचं असेल, तर ते तास कुठे खर्चायचे हे आधी कळलेलं बरं.

पार्श्वभूमी थोडक्यात. एसबीआयआरचा कायदा १९८२ चा. काम तीन टप्प्यांत चालतं: फेज-१ मध्ये कल्पना तपासायची, फेज-२ मध्ये प्रोटोटाइप करायचा, फेज-३ मध्ये तो सरकारला विकायचा. ज्या सरकारी खात्याचं बाहेरून करून घेण्याच्या संशोधनाचं बजेट वर्षाला १० कोटी डॉलरच्या वर आहे, त्याने त्यातले किमान ३.२ टक्के छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढायचे. एसटीटीआर हे १९९२ मध्ये आलेलं धाकटं भावंड. त्यात विद्यापीठ किंवा संशोधन संस्था भागीदार असावीच लागते, आणि वाटा ०.४५ टक्के. हे कायदे मुदतीचे असतात आणि मुदत वाढवायला काँग्रेस शेवटच्या दिवसापर्यंत थांबते. २०२२ मध्ये अगदी काठावर वाचलं. ३० सप्टेंबर २०२५ ला मात्र मुदत खरोखर संपली आणि नवे टॉपिक, म्हणजे खात्याने जाहीर करायचे संशोधनाचे विषय, थांबले. ज्या कंपन्यांचा पुढच्या सहा महिन्यांचा पगार एखाद्या न आलेल्या अवॉर्डवर अवलंबून होता, त्यांचे हाल झाले. तेव्हा कॅशफ्लोच्या तक्त्यात एसबीआयआरचा पैसा तारखेसकट लिहायचा नाही.

पात्रतेत आपली मंडळी सर्वांत जास्त अडकतात ती मालकीवर. कंपनी नफ्यासाठी चालणारी, अमेरिकेत असलेली, संलग्न कंपन्या धरून ५०० पेक्षा जास्त कर्मचारी नसलेली हवी. आणि निम्म्याहून जास्त मालकी व ताबा अमेरिकी नागरिकांकडे किंवा ग्रीनकार्डधारकांकडे हवा. एच-१बी वर असलेल्या माणसाने काढलेली, साठ टक्के त्याच्याच नावावर असलेली कंपनी इथेच बाद. शिवाय प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटरची (प्रमुख संशोधकाची) मुख्य नोकरी, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ, त्या छोट्या कंपनीतच हवी. मोठ्या कंपनीत पूर्णवेळ नोकरी आणि संध्याकाळी एसबीआयआर, हे चालत नाही. अवॉर्ड मिळेपर्यंत नोकरी धरून ठेवता येते, पण कॉन्ट्रॅक्टच्या तारखेला राजीनामा दिलेला असावा लागतो. एसटीटीआरमध्ये इन्व्हेस्टिगेटर विद्यापीठाचा असला तरी चालतो, म्हणून प्राध्यापक तिकडे वळतात.

नोंदण्या कंटाळवाण्या आहेत, पण अर्जाची कल्पना सुचण्याच्या आधी सुरू करायच्या. सॅम डॉट गव्ह या सरकारी कंत्राटदारांच्या साइटवर नोंदणी केली की बारा अक्षरांचा यूईआय आणि पुढे पाच अक्षरांचा केज कोड असे कंपनीचे दोन ओळखक्रमांक मिळतात. इथे घोळ एकच होतो आणि वारंवार होतो: राज्याच्या कागदपत्रांवर नाव एक, आयआरएसच्या (कर खात्याच्या) पत्रावर थोडं वेगळं, वीजबिलावर पत्ता तिसराच. 'इन्क' नंतरच्या टिंबाने आठवडे जातात. त्यामुळे सगळीकडचं नाव-पत्ता आधी एकसारखं करून घ्या. सॅमची नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते. ती अर्ज आणि कॉन्ट्रॅक्ट यांच्या मधल्या काळात संपली, तर सही अडकते. त्याशिवाय एसबीएच्या (छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी खात्याच्या) कंपनी रजिस्ट्रीत नाव घालून तो क्रमांक घ्यायचा, आणि संरक्षण खात्याच्या डीसिप पोर्टलवर खातं उघडायचं. टॉपिकसोबतची एक्सपोर्ट-कंट्रोल्ड (परदेशी जाण्यावर बंधन असलेली) कागदपत्रं हवी असतील, तर डीडी फॉर्म २३४५ भरून जेसीपीचं, म्हणजे अशी कागदपत्रं मिळवण्याच्या परवानगीचं, प्रमाणपत्रही लागतं.

खरी कमाईची वेळ म्हणजे प्री-रिलीज. टॉपिक जाहीर होतात, पण अर्ज घ्यायला सुरुवात झालेली नसते, असे काही आठवडे असतात. या काळात टॉपिक लिहिणाऱ्या तांत्रिक अधिकाऱ्याचा फोन आणि ईमेल टॉपिकसोबत दिलेला असतो आणि त्याच्याशी थेट बोलता येतं. अर्ज सुरू झाले की हे दार बंद. मग पोर्टलवर सगळ्यांना दिसेल असा निनावी प्रश्न विचारायचा, एवढंच उरतं. बहुतेक नवखे या फोनवर आपल्या तंत्रज्ञानाचं कौतुक सांगण्यात अर्धा तास घालवतात. त्याऐवजी चार गोष्टी विचाराव्यात. हे कुठल्या विमानावर बसणार आहे? आज तिथे काय बसवलं आहे आणि ते नेमकं का पुरत नाही? वजन, वीज आणि थंड करायची सोय किती मिळेल? आणि फेज-२ संपल्यावर हे विकत घेणारं प्रोग्रॅम ऑफिस (त्या विमानाचं काम आणि बजेट सांभाळणारं सरकारी ऑफिस) कुठलं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा घुटमळला, तर समजायचं की टॉपिक प्रयोगशाळेच्या कुतूहलातून आला आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग फेज-३ स्वतः शोधावा लागणार. अधिकाऱ्याच्या बोलण्यात वारंवार एखाद्या विशिष्ट पद्धतीचं नाव आलं, तर त्याच्या डोळ्यासमोर एखादी कंपनी आधीच आहे असं आम्ही धरतो आणि तो टॉपिक सोडून देतो.

फेज-१ अर्जाचे भाग सात. पहिला कव्हर शीट, दुसरा तांत्रिक, तिसरा खर्चाचा, चौथा कंपनीच्या आजवरच्या विक्रीचा अहवाल, पाचवा पूरक कागद, सहावा गैरव्यवहारविषयक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सातवा परदेशी संबंधांचं निवेदन. सहावा अर्ध्या तासाचा असतो, पण तो शेवटच्या दिवसावर ढकलणारे असतातच. अर्ज बंद होतो तो ईस्टर्न वेळेने दुपारी १२ ला, रात्री नव्हे. कॅलिफोर्नियात तेव्हा सकाळचे ९ वाजलेले असतात. पोर्टलवर सातही भाग पूर्ण दिसले तरी शेवटचं 'सर्टिफाय अँड सबमिट' दाबल्याशिवाय अर्ज गेलेला नसतो. आदल्या दिवशी दुपारीच पाठवा, कारण मुदतीपर्यंत अर्ज परत उघडून सुधारता येतो.

कव्हर शीटवरचा सारांश अवॉर्ड मिळाल्यावर जाहीर होतो. तिथे मिश्रधातूचं प्रमाण किंवा अल्गोरिदमची गोम लिहून टाकलेले सारांश आजही वाचायला मिळतात. स्पर्धकांना यापेक्षा सोपं काय हवं!

सातवा भाग २०२२ च्या दुरुस्तीनंतर जड झाला. चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरिया यांच्याशी मालकी, गुंतवणूक, पेटंट, विद्यापीठातलं पद अशा कुठल्याही प्रकारचे संबंध तिथे सांगावे लागतात. भारत त्या यादीत नाही. पण तांत्रिक भागात टीममधल्या परदेशी नागरिकाचा देश, व्हिसाचा प्रकार आणि त्याच्याकडे सोपवायचं काम लिहावं लागतं, आणि टॉपिक आयटारखाली, म्हणजे संरक्षण-वस्तूंच्या निर्यातीच्या नियमांखाली, येत असेल तर मामला गंभीर होतो. आयटारच्या भाषेत एच-१बी वरचा सहकारी 'फॉरेन पर्सन'. तो शेजारच्या टेबलावर बसत असला तरी ड्रॉइंग त्याला दाखवणं म्हणजे निर्यात. भारतातल्या मित्राला 'जरा हा सर्किटचा भाग बघ' म्हणून स्क्रीन शेअर करणं हीही निर्यातच. सर्वांत फसवी जागा मात्र पीसीबीची, म्हणजे सर्किट बोर्डाची. परदेशातल्या स्वस्त फॅब्रिकेटरच्या वेबसाइटवर गर्बर फाइल (बोर्डचं ड्रॉइंग) चढवली की त्या क्षणी नियम मोडला. माउस एकदाच दाबलेला असतो, आणि दंड कंपनी बुडवू शकतो. त्यामुळे अमेरिकेतला फॅब्रिकेटर गृहीत धरूनच किंमत लावा. संरक्षणाची वस्तू बनवणाऱ्या कंपनीने परराष्ट्र खात्याच्या डीडीटीसी या संरक्षण-व्यापार विभागाकडे नोंदणी करायची असते. २०२५ पासून त्याची सर्वांत खालची वार्षिक फी ३,००० डॉलर आहे. आणि आयटार असो वा नसो, एसबीआयआरचं संशोधन अमेरिकेतच व्हावं लागतं.

तांत्रिक भागाला कुठे दहा पानं मिळतात, कुठे वीस. मर्यादेपलीकडचं पान कुणी वाचत नाही. परीक्षक तीन गोष्टींना गुण देतात: कल्पना आणि पद्धत किती भक्कम, माणसं किती लायक, आणि पुढे विकलं जाण्याची शक्यता किती. पडलेल्या अर्जांत कल्पना बहुधा बरी असते, कामाचा आराखडा मात्र पोकळ असतो. 'मॉडेल तयार करू, त्याचं विश्लेषण करू, अहवाल देऊ' हा आराखडा कुठल्याही टॉपिकला चिकटतो, म्हणून गुण मिळत नाहीत. त्याऐवजी फेज-१ मध्ये कोणता एक प्रश्न सुटला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही, ते लिहा. उदाहरणार्थ: 'अमुक तापमानाला चिकटवलेला सांधा सोलून निघतो का? बारा नमुने, तीन तापमानं, प्रत्येकी चार, आणि हा आकडा आला तरच फेज-२.' नापास कशाला म्हणायचं हे आधी लिहून देणारा अर्ज परीक्षकाला विश्वासाचा वाटतो.

आता खर्चाचा भाग, कारण चांगले अर्ज इथे लंगडतात. नेव्हीच्या फेज-१ ची मूळ मर्यादा १,४०,००० डॉलर धरून एक नमुना मांडू. दोन इंजिनिअर मिळून सहा महिन्यांत ६०० तास, सरासरी ७५ डॉलर ताशी, म्हणजे पगार ४५,०००. त्यावर फ्रिंज (रजा, विमा असे पगाराबरोबरचे लाभ) ३० टक्के, १३,५००. ओव्हरहेड (भाडं, सॉफ्टवेअर असा अप्रत्यक्ष खर्च) पगाराच्या ५० टक्के, २२,५००. साहित्य ९,०००. विद्यापीठाला सबकॉन्ट्रॅक्ट २०,०००. बेरीज १,१०,०००. त्यावर जी अँड ए (कंपनी चालवण्याचा सर्वसाधारण खर्च) १५ टक्के, १६,५००, झाले १,२६,५००. त्यावर फी, म्हणजे नफा, ७ टक्के: ८,८५५. एकूण १,३५,३५५. उरलेले ४,६४५ कसेतरी भरून काढायचा मोह होतो. तो आवरा, कारण ओढूनताणून मर्यादेला टेकवलेली बेरीज कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरच्या नजरेत भरते आणि मग तो एकेका आकड्याची पावती मागतो.

याच नमुन्यात विद्यापीठाने ५०,००० मागितले तर? फेज-१ मध्ये दोन तृतीयांश काम कंपनीने स्वतः करायचं असतं, फेज-२ मध्ये निम्मं. १,४०,००० चा तिसरा हिस्सा ४६,६६७, म्हणजे अर्ज नियमातच बसत नाही. (एसटीटीआरमध्ये कंपनीचे किमान ४० टक्के आणि संस्थेचे किमान ३० टक्के असा हिशोब आहे, प्राध्यापकाला जास्त द्यायचं असेल तर तिकडे जा.) शिवाय विद्यापीठाचा स्वतःचा ओव्हरहेड असतो. तो ५५ टक्के धरला, तर २० हजारांतले सात हजारांच्या वर तिथेच जातात आणि हातात उरतो एका विद्यार्थ्याचा काही महिन्यांचा वेळ.

फ्रिंज आणि ओव्हरहेडचे दर हवेतून आणता येत नाहीत. जागेचं भाडं, विमा, सॉफ्टवेअरचे परवाने, कामाखेरीजचे तास हे सगळं वर्षाच्या तक्त्यात मांडून दर काढायचा. मद्य, करमणूक, कर्जावरचं व्याज, राजकीय लॉबिंग, बुडीत उधारी हे खर्च सरकारी कॉन्ट्रॅक्टला लावता येत नाहीत, म्हणून त्यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. टाइमशीट रोज भरायची, ज्याची त्याने, आणि सगळ्या तासांची: एसबीआयआरचे, दुसऱ्या ग्राहकाचे, विक्रीचे, रजेचे. शुक्रवारी आठवून भरलेली टाइमशीट डीसीएएच्या (संरक्षण खात्याच्या हिशोब तपासणाऱ्या संस्थेच्या) ऑडिटरला ओळखू येते. पाचही दिवस आठ-आठ-आठ असे आकडे आणि एकच शाई. फेज-१ बहुधा ठरलेल्या रकमेचं कॉन्ट्रॅक्ट असतं, तिथे हे खपून जातं. फेज-२ झालेल्या खर्चावर पैसे देणारं असलं, तर आधी हिशोबपद्धतीची तपासणी होते. संस्थापक स्वतःला पगार देत नसेल आणि अर्जात ताशी ९५ डॉलर लावले असतील, तर ते पैसे मागता येत नाहीत, कारण तो खर्च झालेलाच नाही.

निकाल साधारण तीन महिन्यांत आणि कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांत, असा नेम असतो. अर्ज पडला तर डीब्रीफ, म्हणजे अर्ज का पडला याचा खुलासा, मागाच. परीक्षकांचे शेरे हेच पुढच्या अर्जाचं भांडवल.

रकमांचा अंदाज: एसबीएची परवानगी न घेता खात्यांना देता येणारी कमाल रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये फेज-१ ला ३,१४,३६३ आणि फेज-२ ला २०,९५,७४८ डॉलर होती. प्रत्यक्षात हात आखडता असतो. एअर फोर्सच्या ओपन टॉपिकमध्ये (जिथे विषय कंपनीच सुचवते) फेज-१ कित्येक फेऱ्यांत ७५,००० डॉलर आणि तीन महिने एवढाच होता. त्यात काही बनवायचं नसतंच. ते तीन महिने एअर फोर्समधला ग्राहक शोधून त्याची मेमोरँडमवर सही आणण्यासाठी असतात. वापरणारा आणि पैसे देणारा अशा दोघांच्या सह्या लागतात. वापरणारा लवकर भेटतो. पैसे देणारा सही करण्याआधी आपल्या वकिलाला विचारतो, आणि तिथेच पाच आठवडे गेलेले असतात. तेव्हा सही मागायला पहिल्या आठवड्यात लागा.

फेज-२ म्हणजे प्रोटोटाइप. इथे विमानाचं जग टेबलावरच्या जगापेक्षा किती वेगळं असतं ते एका भागावरून दिसतं. समजा २८ व्होल्टवर चालणारा कंट्रोलर बनवला. लॅबच्या पॉवर सप्लायवर तो महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने चालतो. मिल-स्टँडर्ड-७०४ या लष्करी मानकाप्रमाणे विमानातले २८ व्होल्ट म्हणजे स्थिर अवस्थेत २२ ते २९ च्या मधलं काहीही, आणि मोठा लोड सुटला की काही मिलिसेकंद ५० पर्यंतची उसळी. इनपुटला ३५ व्होल्टचे कपॅसिटर लावलेले असतील, तर पहिल्याच ट्रान्झियंट चाचणीत धूर. टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज शोषणारा भाग) लावला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. स्पाइक मायक्रोसेकंदांचा असतो, तो डायोड झेलतो. मिलिसेकंदांची उसळी त्याला तापवून मारते. इनपुट भाग ८० ते १०० व्होल्टचे घ्यायचे, किंवा पुढे सर्ज स्टॉपर (उसळी अडवणारं सर्किट) बसवायचा. आणि हे बोर्डच्या पहिल्या आवृत्तीत करायचं, कारण तिसऱ्या आवृत्तीत त्या आकाराच्या भागांना जागा उरलेली नसते.

मिल-स्टँडर्ड-४६१ ची आरई१०२ चाचणी, म्हणजे उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींची मोजणी, हे दुसरं खड्ड्याचं ठिकाण. पेटी स्वच्छ असते आणि केबल गळत असते. शिल्डची जाळी कनेक्टरच्या पाठीमागे एका छोट्या वायरने जमिनीला जोडली, तर ती वायरच ॲन्टेना होते. जाळी बॅकशेलला (कनेक्टरच्या मागच्या धातूच्या कवचाला) पूर्ण ३६० अंशांत आवळलेली हवी. चेंबरचं भाडं दिवसावर असतं, तेव्हा आधी स्वस्तातलं करंट प्रोब घेऊन आपल्याच टेबलावर केबल तपासा. बजेटमध्ये चेंबरची एकच फेरी धरणं ही फेज-२ मधली नेहमीची चूक. दोन धरा, पहिली नापास व्हायचीच.

कागदांचं संरक्षणही याच काळात. संरक्षण खात्याची नियंत्रित माहिती कंपनीत आली की एनआयएसटी ८००-१७१ या सायबर सुरक्षेच्या मानकाचे ११० नियम लागू होतात. स्वतःचा स्कोअर एसपीआरएस या संरक्षण खात्याच्या प्रणालीत टाकायचा. पूर्ण गुण ११०, आणि काहीच केलेलं नसेल तर उणे २०३ पर्यंत खाली. सुरुवातीला उणे आकडा असणं लाजिरवाणं नाही, खोटा ११० टाकणं मात्र गुन्ह्याच्या जवळ जातं. १० नोव्हेंबर २०२५ पासून सीएमएमसीची, म्हणजे सायबर सुरक्षेचे नियम पाळल्याच्या पडताळणीची, अट नव्या कॉन्ट्रॅक्टांत टप्प्याटप्प्याने येऊ लागली. चार जणांच्या कंपनीने सगळं ऑफिस त्या पातळीला आणण्यापेक्षा नियंत्रित माहितीसाठी दोन लॅपटॉप आणि एक वेगळं सरकारी दर्जाचं क्लाउड खातं ठेवणं परवडतं.

तसंच डेटा राइट्स, म्हणजे तांत्रिक माहितीवरचे हक्क. एसबीआयआरखाली तयार झालेला तांत्रिक डेटा अवॉर्डपासून २० वर्षं सरकार बाहेर देऊ शकत नाही. पण हे आपोआप होत नाही. कॉन्ट्रॅक्टमधल्या कलमात दिलेला मजकूर जसाच्या तसा, कॉन्ट्रॅक्ट क्रमांक आणि मुदतीच्या तारखेसकट, संरक्षित पानांवर लागतो. 'कंपनी कॉन्फिडेन्शियल' असा घरगुती शिक्का चालत नाही. मासिक अहवालाच्या स्लाइडवर तो मजकूर राहून जातो, आणि नेमकी तीच स्लाइड पुढे मोठ्या कंपनीच्या बैठकीत दिसते. पेटंटचं घड्याळ वेगळं: शोध लावणाऱ्याने कंपनीला लेखी कळवल्यापासून दोन महिन्यांत सरकारला कळवायचं, नाहीतर हक्क गमावण्याची वेळ येऊ शकते.

फेज-३ ला एसबीआयआरचा पैसा नसतो, रकमेची मर्यादा नसते, मुदत नसते आणि स्पर्धाही लागत नाही. सरकारी खरेदीत याच्याइतकी मोठी सवलत क्वचित कुणाला मिळते, तरीही बहुतेक प्रकल्प इथवर पोचत नाहीत. कारण बजेटच्या तारखांत आहे. सैन्याच्या खर्चाचा आराखडा, ज्याला पॉम म्हणतात, तो सुमारे दोन वर्षं आधी बांधला जातो. फेज-२ संपताना प्रोग्रॅम ऑफिसकडे गेलात, तर तिथला माणूस प्रामाणिकपणे म्हणतो, 'आवडलं, पण पैसे नाहीत.' त्यात १ ऑक्टोबरला वर्ष सुरू होऊनही बजेट मंजूर नसलं, की कंटिन्युइंग रिझोल्यूशनखाली (जुन्या बजेटवर तात्पुरता खर्च चालवण्याच्या ठरावाखाली) नवीन कामं सुरूच करता येत नाहीत. म्हणून प्रोग्रॅम ऑफिसच्या भेटी फेज-२ च्या पहिल्या तीन महिन्यांत सुरू व्हाव्या लागतात. एका अधिकाऱ्यावर विसंबू नका. वर्दीतला माणूस दोन-तीन वर्षांत बदलून जातो. त्याच ऑफिसातला सिव्हिलियन इंजिनिअर वीस वर्षं तिथेच असतो, त्याला धरा.

जुन्या विमानांच्या दुरुस्तीची वाट नव्या विमानापेक्षा जवळची. ओक्लाहोमात टिंकर, युटात हिल, जॉर्जियात वॉर्नर रॉबिन्स अशी एअर फोर्सची तीन मोठी दुरुस्ती केंद्रं आहेत. केसी-१३५ सारख्या विमानाचा एखादा भाग बनवणारी मूळ कंपनीच उरलेली नसते, आणि तिथे दुखणं रोजचं असतं. तरीही विमानावर काहीही बसवायचं म्हणजे एअरवर्दिनेसची, म्हणजे विमान उडायला सुरक्षित असल्याची, सही. मिल-हँडबुक-५१६ चे निकष आणि सही करणारा इंजिनिअर फेज-२ च्या डिझाइन रिव्ह्यूलाच खोलीत असू द्या. शेवटी बोलावलं तर चाचण्या पुन्हा कराव्या लागतात.

आणि ऑर्डर आलीच, तर ती वाचून बघा. कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरने आयुष्यात फेज-३ केलेला नसण्याची शक्यता बरीच असते, आणि तो सवयीने साधी खरेदी म्हणून कागद काढतो. कॉन्ट्रॅक्टवर 'एसबीआयआर फेज-३' हे शब्द, मूळ फेज-१ किंवा २ चा क्रमांक आणि डेटा राइट्सचं ७०१८ हे कलम, या तीन गोष्टी दिसल्याशिवाय सही करू नका. एसबीएच्या पॉलिसी डायरेक्टिव्हमधली (एसबीआयआरच्या नियमपुस्तकातली) फेज-३ ची पानं खूण करून सोबत ठेवलेली असली, की हे बोलणं एका बैठकीत उरकतं.